परिचर्येची पदवी आणि वैद्यकाची आस

दरवर्षी नीट परीक्षेचा निकाल लागून गेल्यावर, आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाची गुणमर्यादा आपल्या मुलीच्या गुणांपेक्षा पुष्कळच वर राहिली आहे हे ध्यानी आल्यावर, महाराष्ट्रातील असंख्य घरांत रात्री उशिरापर्यंत जो खल चालतो, त्यात अलीकडे एक तजवीज वारंवार पुढे येऊ लागली आहे : तूर्त बी.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेऊन ठेवावा, वर्ष वाया जाऊ देऊ नये, रुग्णालयाचा अनुभव गाठीस बांधावा, आणि पुढल्या वर्षी, नाहीतर त्याच्याही पुढल्या वर्षी, पुन्हा नीट देऊन एमबीबीएसकडे वळावे. लातूर-नांदेडच्या शिकवणी वर्गांत दोन-दोन वर्षे राहून आलेल्या, आणखी एक ‘ड्रॉप’ घेण्याची घरची ऐपत ज्यांच्यापाशी उरलेली नाही अशा मुलींना तर हा सल्ला हमखास मिळतो. तो देणारे आप्तेष्ट हितचिंतकच असतात, आणि त्यांच्या बोलण्यात वरकरणी विसंगत असे काही नसते. शरीररचना दोहोंकडे, औषधशास्त्र दोहोंकडे, रुग्ण दोहोंकडे, तेव्हा एकदा आत शिरलेल्यास आतल्या आत दुसऱ्या दालनात जाता येत असेल, असे कोणासही वाटावे. मला मात्र हा सल्ला चुकीचा वाटतो. ज्या मुलीस तो दिला जातो तिचे, तिच्यामुळे जागेस मुकलेल्या दुसऱ्या मुलीचे, आणि त्या दोघींच्या दरम्यान खाटेवर पडलेल्या रुग्णाचे, अशा तिघांचेही त्यात नुकसान आहे, आणि ते कसे हे थोडे विस्ताराने मांडावयाचे आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. आपल्या देशात वैद्यकीय शिक्षणाचा प्रवेश बारावीनंतर थेट होतो, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या अधिनियमाने तो नीट या एकाच परीक्षेवर मुकर्रर केला आहे. परीक्षेस बसणाऱ्या उमेदवारापाशी परिचर्येची पदवी आहे की नाही, याची दखल गुणवत्ता यादी घेत नाही. चार वर्षे वॉर्डात राबलेल्या पदवीधर परिचारिकेस आणि नुकत्याच बारावी झालेल्या मुलास तीच प्रश्नपत्रिका, तेच ७२० गुण, आणि त्यांतील १८० गुण भौतिकशास्त्राचे. निवड झालीच, तरी तिला पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासापासून, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो; परिचर्या महाविद्यालयात शिकलेल्या शरीरक्रियाशास्त्राची वा सूक्ष्मजीवशास्त्राची कसलीही वजावट मिळत नाही. कमाल वयाची अट २०२२ साली काढून टाकण्यात आली, आणि परीक्षेस किती वेळा बसावे यालाही बंधन नाही, त्यामुळे दार कोणासही कायमचे बंद नाही हे खरे. बारावीस विज्ञान न घेता जीएनएम हा परिचर्येचा पदविका अभ्यासक्रम केलेल्यांनाही भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय अतिरिक्त म्हणून उत्तीर्ण होऊन नीटला बसण्याची मुभा आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. परंतु २०२४ साली या परीक्षेसाठी २४ लाखांहून अधिक उमेदवारांनी नावे नोंदविली होती, आणि एमबीबीएसच्या साऱ्या देशातील सरकारी व खासगी जागा मिळून सव्वा लाखाच्या आतच होत्या. अशा गर्दीत परिचर्येची पदवी त्या मुलीस एक गुणही मिळवून देत नाही, अभ्यासाचा वेळ मात्र पुरेपूर घेते.

तो वेळ किती घेते याची कल्पना, ज्यांच्या घरात नर्सिंगची विद्यार्थिनी नाही, त्यांना सहसा नसते. सकाळी सात-आठ वाजता वॉर्डात हजर होणे, खाटा लावणे, ताप-नाडी-रक्तदाब नोंदविणे, औषधांच्या वेळा सांभाळणे, ड्रेसिंगची ट्रॉली मांडणे, परिसेविकेच्या मागोमाग राऊंडला उभे राहणे, आणि दुपारी वर्गात बसून तेच सारे शास्त्राच्या भाषेत पुन्हा शिकणे, हा तिचा दिनक्रम. वसतिगृहावर परतल्यावर केअर प्लॅन लिहावयाचे, केस स्टडी पुरी करावयाची, प्रोसिजर बुकात सह्या झाल्या की नाहीत ते पाहावयाचे. पुढच्या वर्षांत रात्रपाळ्या येतात. प्रसूतिगृह, मनोरुग्णालय, ग्रामीण आरोग्य केंद्र अशा ठिकाणच्या पोस्टिंग येतात, आणि हजेरीची अट कोठेही शिथिल नसते. ही शिस्त उत्तम आहे, कारण तिच्यावाचून परिचारिका घडत नाही. परंतु जिचे चित्त रात्री अकरानंतर उघडावयाच्या प्रकाशिकीच्या पुस्तकात गुंतले आहे, तिच्यासाठी ही शिस्त एक छळ होऊन बसते. अशी मुलगी दोन्ही परीक्षांत मागे पडते, आणि ती हुशार नव्हती असा निष्कर्ष घरची माणसे काढतात. तो निष्कर्ष अन्यायाचा आहे. एकाच वर्षात दोन पूर्ण व्यवसायांची तयारी तिच्याकडून अपेक्षिली गेली होती, एवढेच काय ते झालेले असते.

आणि नीटमध्ये तिला यश आलेच, तर? पहिले वर्ष संपता संपता ती परिचर्या महाविद्यालय सोडू पाहते, तेव्हा मूळ कागदपत्रांचा प्रश्न निघतो, उरलेल्या वर्षांच्या शुल्काची मागणी कित्येक ठिकाणी पुढे येते, आणि अर्ज-विनंत्यांत ऐन प्रवेशफेरीचे दिवस निघून जातात. तिने सोडलेली जागा पुढची तीन वर्षे बहुधा रिकामीच राहते, कारण या अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश घेण्याची सोय नाही. गडचिरोलीत किंवा नंदुरबारात एखादी मुलगी असते, जिला परिचारिकाच व्हावयाचे होते, जिचे गुण हिच्यापेक्षा थोडके कमी पडले म्हणून जी सरकारी महाविद्यालयाच्या यादीबाहेर राहिली, आणि खासगी महाविद्यालयाचे शुल्क झेपत नाही म्हणून घरी बसली; तिची ती जागा होती. या नुकसानीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, म्हणून तिचा उच्चार येथे मुद्दाम करीत आहे.

हा समज आपल्याकडे आला कोठून, हेही पाहण्याजोगे आहे. माझ्या मते त्याचा काही अंश अमेरिकेत स्थायिक झालेल्या आप्तांकडून आलेला आहे. तेथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर सुरू होते, पदवी कोणत्याही विषयाची चालते, आणि म्हणून परिचर्येची पदवी घेऊन, एमकॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करणारे विद्यार्थी तेथे खरोखरच असतात. तथापि तेथीलही वस्तुस्थिती दुरून दिसते तितकी सरळ नाही. वैद्यकीय महाविद्यालयांना अपेक्षित असलेले सेंद्रिय रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र, तेही प्रयोगशाळेसह, परिचर्येच्या अभ्यासक्रमात बहुधा नसते, त्यामुळे त्या विद्यार्थ्यास ते स्वतंत्रपणे, वेळ व पैसा खर्चून शिकावे लागते. शिवाय तेथील परिचर्येच्या वर्गातही जागा मोजक्याच असतात, आणि थोड्याच दिवसांत निघून जाणाऱ्याविषयी तेथील अध्यापिकांना जी नाराजी वाटते, तीच येथील पाठ्यनिर्देशिकांनाही वाटते. तेथे निदान पदवी हा पुढच्या अर्जाचा आधार तरी असतो. येथे तोही नाही, हे न सांगता तेथला दाखला येथे देणे म्हणजे मुलीची दिशाभूल करणे होय.

परिचर्येच्या वाटेने वैद्यकाकडे गेलेल्यांचा इतिहास मात्र मोठा आहे, आणि तो आपल्याशीही जोडलेला आहे. एलिझाबेथ गॅरेट या इंग्रज तरुणीस १८६० साली डॉक्टर व्हावयाचे होते, आणि इंग्लंडातील एकही वैद्यकीय विद्यालय स्त्रीस प्रवेश देत नव्हते. तेव्हा तिने लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून काम धरले. हेतू उघड होता, वॉर्डातून व्याख्यानगृहात शिरावयाचे. काही महिने तिला व्याख्यानांना बसू देण्यात आले, पुढे विद्यार्थ्यांनीच तिच्याविरुद्ध लेखी तक्रार केली आणि तिला ते रुग्णालय सोडावे लागले. अखेर औषधविक्रेत्यांच्या जुन्या मंडळाच्या नियमांत स्त्रियांना मज्जाव लिहावयाचा राहून गेला होता, त्या फटीतून तिने १८६५ साली व्यवसायाची सनद मिळविली, आणि ती मिळताच त्या मंडळाने आपले नियम बदलून ती फट बुजवून टाकली. पुढे १८७० साली तिने पॅरिसला एम.डी. पदवी घेतली, आणि १८८३ पासून वीस वर्षे ती लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयाची प्रमुख होती.

त्याच विद्यालयात, तिच्याच कारकिर्दीत, आपल्या मुंबईची रखमाबाई शिकली. बालपणी झालेला विवाह मानण्यास नकार दिल्याबद्दल ज्या मुलीवर दावा गुदरला गेला, तुरुंगवासाची पाळीही आपण पत्करू असे जिने न्यायालयास कळविले, आणि जिच्या खटल्याने सारा हिंदुस्थान ढवळून निघाला, त्या रखमाबाईस वैद्यकाच्या वाटेवर आणण्यात कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांचा मोठा वाटा होता. १८९४ साली अर्हता घेऊन त्या परतल्या, आणि पुढील कित्येक दशके सुरत व राजकोट येथील स्त्रियांची सेवा त्यांनी केली. याच पीचीबाईंनी कामा रुग्णालयात परिचारिकांच्या शिक्षणाचीही सुरुवात केली होती, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. एका हाताने त्या हिंदी स्त्रीस डॉक्टर होण्यास साह्य करीत होत्या आणि दुसऱ्या हाताने हिंदी स्त्रीस परिचारिका घडवीत होत्या. पैकी एक काम दुसऱ्याची पूर्वतयारी आहे अशा बुद्धीने त्यांनी ते केले नाही.

गॅरेटबाईंनी मागची वाट धरली, कारण पुढचे दार स्त्री म्हणून त्यांना बंद होते. आजच्या मुलीस ते दार स्त्री म्हणून बंद नाही. ते अरुंद आहे, आणि मागच्या वाटेने गेल्यास ते अधिकच अरुंद होते. म्हणून अनुकरणीय असा दाखला शोधावयाचा तर तो मी दुसऱ्याच एका स्त्रीचा देईन. सिसिली सॉन्डर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील नाइटिंगेलबाईंच्या विद्यालयात परिचर्येचे शिक्षण घेतले, ते परिचारिका होण्याकरिताच. पाठीच्या दुखण्यामुळे त्यांना ते काम सोडावे लागले, तेव्हा त्या रुग्णालयातच समाजसेविका झाल्या, आणि मरणपंथास लागलेल्या रुग्णांच्या वेदनांकडे कोणाचेच पुरेसे लक्ष नाही, हे तेथे त्यांना प्रत्यही दिसू लागले. त्या वेदनांवर अधिकाराने इलाज करावयाचा तर डॉक्टर झाले पाहिजे, अशी त्यांची खात्री पटली, आणि वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्यांनी वैद्यकीय विद्यालयात पाऊल टाकले. १९५७ साली त्या डॉक्टर झाल्या, आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हे मुमूर्षू रुग्णांचे सेवागृह उभारले, ज्याच्यापासून जगभरच्या उपशामक चिकित्सेने प्रेरणा घेतली. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये निघालेले शांती अवेदना सदन हे त्याच परंपरेतले. सॉन्डर्सबाईंच्या वैद्यकामागे त्यांची परिचर्या उभी होती, आणि ती उभी राहू शकली, कारण ती त्यांनी पूर्ण मनाने केली होती. वर्षभर नाव घालून ठेवलेल्या परिचर्येतून असले काही निपजत नसते.

येथे एका गोष्टीचा विचार टाळून चालणार नाही. मुली, आणि आता मुलगेही, परिचर्येकडे केवळ तात्पुरता निवारा म्हणून का पाहतात? कारण समाजानेच त्या व्यवसायास डॉक्टरकीखालचा दर्जा ठरवून दिला आहे. वस्तुतः परिचर्या हे स्वतंत्र शास्त्र आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली अत्याचारास बळी पडून कायमच्या अंथरुणास खिळल्या. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, बेचाळीस वर्षेपर्यंत, तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली, त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आपल्या निकालपत्रात त्या सेवेचा मुक्तकंठाने गौरव केला. ज्याने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची आठवडाभर तरी देखभाल केली असेल, त्यास बेचाळीस वर्षे हा काय पराक्रम आहे हे कळेल. कूस केव्हा बदलावी, त्वचेचा रंग केव्हा पालटला, गिळताना ठसका केव्हा लागेल, हे ज्ञान डॉक्टरच्या ज्ञानाची लहान आवृत्ती नव्हे. पुष्कळ डॉक्टरांपाशी ते नसतेही.

अशा ज्ञानाचे आपण मोल काय ठरविले? सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीने २०१६ साली अशी शिफारस केली, की दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयाने परिचारिकेस सरकारी वेतनाइतके वेतन द्यावे, आणि पन्नासहून कमी खाटांच्या रुग्णालयानेही दरमहा वीस हजारांखाली जाऊ नये. तालुक्याच्या गावी जाऊन कोणत्याही सिस्टरला विचारावे, की ही शिफारस तिच्या पगारपत्रकापर्यंत पोहोचली आहे काय. अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी असे परिचर्या क्षेत्राचे मानक सांगते, आणि पुष्कळ सरकारी रुग्णालयांत रात्रपाळीस तीस-चाळीस रुग्णांच्या वॉर्डात एकच अधिपरिचारिका या टोकाकडून त्या टोकाकडे धावताना दिसते. हे दृश्य घरोघरी ठाऊक आहे. मग कोणा बापाने आपल्या मुलीस डॉक्टरच हो म्हणून आग्रह धरला, तर त्याला दोष कसा द्यावा?

म्हणून माझे म्हणणे केवळ पालकांना उद्देशून नाही. सर जोसेफ भोर, जे मूळचे आपल्या नाशिकचे, त्यांच्या आरोग्यसेवाविषयक समितीचा अहवाल ज्या १९४६ साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे परिचर्येचे पदवी शिक्षण सुरू झाले. आज त्यास जवळजवळ आठ दशके होत आली. एवढ्या अवधीत परिचर्येस स्वतःची उंची मिळावयास हवी होती. अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाला, प्रसूतिसेवेसाठीही नर्स प्रॅक्टिशनरचा अभ्यासक्रम निघाला, २०२३ मध्ये परिचर्या व प्रसविकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा अधिनियमही संमत झाला. परंतु असा अभ्यासक्रम पुरा करून आलेल्या परिचारिकेने कोणते औषध स्वतःच्या सहीने द्यावे, कोणता निर्णय स्वतःच्या जबाबदारीवर घ्यावा, आणि तिचे पद व वेतन काय असावे, याची स्पष्ट तरतूद झाल्याखेरीज त्या शिक्षणाची प्रतिष्ठा वाढणार नाही. ज्या मुलीस रुग्णाविषयी निर्णय घेण्याचा अधिकार हवा आहे, तिला तो परिचर्येत राहून मिळू लागला, तर वैद्यकाकडे पळण्याची तिची निम्मी निकड आपोआप ओसरेल.

आणि तरीही काही परिचारिका अशा असतीलच, की पाच-दहा वर्षे खाटेशेजारी उभे राहून, सॉन्डर्सबाईंप्रमाणे, आता मला डॉक्टरच झाले पाहिजे असे ज्यांना कळकळीने वाटेल. त्यांच्यासाठी आज आपल्याकडे काय आहे? अकरावीच्या मुलांबरोबर शिकवणी वर्गात बसणे. पदविका घेतलेल्या विद्यार्थ्यास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश आपण देतो, ब्रिटनमध्ये २००० सालापासून पदवीधरांकरिता चार वर्षांचा वेगळा वैद्यकीय अभ्यासक्रम आहे, आणि आपल्याकडच्या अनुभवी परिचारिकेची मात्र कोणी गणतीही करीत नाही. अभ्यासक्रम तोडून लहान करावा असे मी म्हणणार नाही. शवविच्छेदन, विकृतिशास्त्र, निदानाची पद्धत यांची वैद्यकातील खोली निराळी आहे, आणि तेथे सूट देणे रुग्णाच्या हिताचे होणार नाही. पण निवडीत त्या अनुभवाचा विचार करता येईल. नीटला सर्वस्वी वगळावयाचे तर केंद्राचा कायदा बदलावा लागेल. परंतु नीट उत्तीर्ण झालेल्यांतूनच एका विशिष्ट वर्गास काही जागा राखून ठेवणे राज्याच्या अधिकारातले आहे. तमिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांत शिकलेल्या मुलांकरिता वैद्यकाच्या साडेसात टक्के जागा याच रीतीने राखल्या, आणि मद्रास उच्च न्यायालयाने ती तरतूद पुढे ग्राह्यही धरली. महाराष्ट्राने आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत, परिचर्या परिषदेत नोंद असलेल्या आणि सरकारी वा ग्रामीण रुग्णालयात किमान पाच वर्षे सेवा केलेल्या परिचारिकांसाठी, प्रत्येकी दोन का होईनात, जागा ठेवाव्यात; शिक्षणाच्या काळात त्यांची नोकरी शाबूत ठेवावी; आणि पदवीनंतर त्यांच्याकडून ग्रामीण सेवेचे बंधपत्र घ्यावे. शासनावर याचा भार फारसा पडणार नाही, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना असे डॉक्टर मिळतील, ज्यांना सलाईन लावता येते, प्रसूती करता येते, आणि रात्री दोन वाजता नातेवाइकांशी कसे बोलावे हे शिकवावे लागत नाही.

तोवर पालकांना माझी विनंती आहे. मुलीला डॉक्टरच व्हावयाचे असेल, आणि आणखी एक वर्ष देण्याची तिची व तुमची तयारी असेल, तर ते वर्ष तिला उघडपणे द्या, त्याची मुदत आधीच ठरवा, आणि ती संपल्यावर दुसऱ्या शास्त्रशाखांचा विचार करा. परिचर्येचा अर्ज भरण्यापूर्वी मात्र तिला एक दिवस जवळच्या जिल्हा रुग्णालयात न्या, एखाद्या वडीलधाऱ्या सिस्टरशी बोलू द्या, आणि हे काम तिला आयुष्यभरासाठी हवे आहे काय, ते तिच्याच तोंडून ऐका. ती हो म्हणाली, तर निःशंकपणे अर्ज भरा. नाही म्हणाली, तर ती जागा दुसरीसाठी सोडा.